गल्लीच्या तोंडचा क्रूस : मुंबईतील पहिल्या प्लेगची आठवण

आमच्या धर्मग्रामात चर्चकडून खाडीकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर एक क्रूस उभा आहे. बैठक दगडी, वर चुन्याचे थर इतके चढले आहेत की मूळ घडण आता बोटांनी चाचपूनच कळावी. बैठकीवर एक साल कोरलेले आहे : १८९७. मे महिन्यात तेथे नऊ दिवस रोझरीची प्रार्थना होते आणि शेवटच्या दिवशी उकडलेले चणे वाटतात. मुले चण्यांसाठी येतात, वडीलधारी माणसे मुलांवर डोळे वटारीत प्रार्थना म्हणतात. हा क्रूस कोणी व कशासाठी उभारला, असे मी येथे बदलून आल्यावर विचारले तेव्हा तिघांनी तीन निरनिराळ्या कथा सांगितल्या. शेजारच्या ओट्यावर बसलेली एक म्हातारी मात्र एकच शब्द बोलली, "प्लेगचा."

साष्टीत आणि मुंबईत असे क्रूस पुष्कळ आहेत. वांद्र्याच्या रानवार, पाली, चिंबई या जुन्या गावठाणांतून हिंडणाऱ्याला ते पावलोपावली भेटतात. माझगावच्या माथारपाखाडीत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीतही आहेत. सारेच काही प्लेगच्या काळचे नाहीत. परंतु ज्यांच्यावर त्या दहा-बारा वर्षांतले साल आहे असे बरेच आहेत. त्यांना हार घालणाऱ्यांत आज ख्रिस्ती नसलेली माणसेही असतात, आणि ती बहुधा क्रुसाचा इतिहास आपल्याइतकाच विसरलेली असतात.

चर्चच्या कपाटात मृतांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्या काळी साष्टीतील आपली बहुतेक चर्चे पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, दमणच्या धर्मप्रांतात मोडत. त्यामुळे नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या माणसाला त्या थोड्या प्रयासाने लागतात. नाव, वय, आईबापांची नावे, पाखाडी आणि अखेरीस एक ठराविक वाक्य : मृताला अंतिम संस्कार मिळाले, किंवा मिळाले नाहीत. एरवी हे वाक्य डोळ्यांखालून सहज निघून जाते. प्लेगच्या वर्षांच्या पानांवर मात्र 'पेस्ते' हा शब्द दिसू लागतो आणि त्याच ओळीत 'संस्कारांविना' हा शेरा वारंवार येतो. या दोहोंचा संबंध काय, एवढे समजून घेण्यासाठी मी त्या साथीविषयी वाचू लागलो. वाचता वाचता माझी एक समजूत बदलली. त्या वर्षी मुंबईची माणसे रोगाला भ्याली, असे मी धरून चाललो होतो. रोगाला ती भ्याली हे खरेच. परंतु ज्या भयाने त्यांनी दगड उचलले, आजारी माणसे माळ्यावर दडवली आणि प्रेतेसुद्धा लपवली, ते भय निराळे होते.

मांडवी म्हणजे त्या वेळच्या मुंबईचे धान्याचे कोठार. बंदरावर उतरलेली पोती गोदामांत रचली जात आणि गोदामांच्या वर, मागे, आजूबाजूला चाळींतून माणसे रचली जात. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस त्या गोदामांत उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ माणसांना कडक ताप येऊ लागला. जांघेत किंवा काखेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. त्या भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस रुग्ण तपासत असत. गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे गावी, १८५६ साली जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले होते आणि महापालिकेचे सभासदही होते. हा ताप म्हणजे गाठीचा प्लेग होय, असे निदान त्यांनी केले व २३ सप्टेंबर १८९६ रोजी स्थायी समितीपुढे ते उघडपणे मांडले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ही साथ येऊन गेली होती. तेथे यर्सेन आणि कितासातो यांनी तिच्या जंतूचा शोध लावला होता. म्हणजे वैद्यकाच्या जगाला हे नाव अपरिचित नव्हते. तरी मुंबईत ते नाव उच्चारणे कोणालाच परवडणारे नव्हते. शहराचे सारे वैभव बंदरावर उभे. प्लेग म्हटले की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना अटकाव करणार, कापूस आणि धान्य अडून राहणार, पेढ्या बसणार. म्हणून आरंभी 'गाठीचा ताप' असे मवाळ नाव चालवले गेले. रोगाला त्याचे खरे नाव द्यायला लागलेला हा विलंब मला त्या साऱ्या प्रकरणातील पहिली चूक वाटते. सरकार काहीतरी दडवते आहे, हे सामान्य माणसाने ताडले; आणि एकदा ते ताडल्यावर पुढे सरकार जे सांगेल त्यावर विश्वास ठेवण्याचे त्याला कारण उरले नाही.

(डॉ. व्हिएगस यांचा पुतळा धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर आहे. मी कित्येक वर्षे त्याच्या जवळून बसने गेलो आणि तो कोणाचा हे कधी वाचले नाही. हे कबूल केलेले बरे.)

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. प्लेगचा संशय असलेल्या कोणाही व्यक्तीला घरातून उचलून इस्पितळात नेण्याचा अधिकार पालिकेने त्याद्वारे आपल्याकडे घेतला. साथीचे रोगी ठेवण्यासाठी ऑर्थर रोडवर चार वर्षांपूर्वी इस्पितळ बांधले होते. तेथे हे रोगी जाऊ लागले. कागदावर पाहिले तर या आदेशात गैर काही दिसत नाही. रोगी वेगळा ठेवावा, हे आजही वैद्यक सांगते. पण चाळीतल्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावरून हा आदेश कसा दिसला असेल? दारात गाडी येते. तापाने फणफणलेल्या आईला किंवा तरुण सुनेला परकी माणसे उचलतात. सोबत कोणाला जाऊ देत नाहीत. तेथे पाणी कोणाच्या हातचे, जेवण कोणी शिजवलेले, हे कळत नाही. आठवड्याच्या आत निरोप येतो, की बाई गेली. प्रेताचे तोंड पाहायला मिळेलच असे नाही.

आणि ती बहुधा जायचीच. याचे कारण कोणी लोकांना समजावून सांगितले नाही. लोक इस्पितळाच्या धास्तीने रोगी शेवटपर्यंत लपवून ठेवीत. मग तो सापडे तेव्हा घटका मोजीत असे. असे रोगी इस्पितळात पोचून लगेच मरत. बाहेरून पाहणाऱ्याला इतकेच दिसे, की आत गेलेला परत येत नाही. त्यामुळे धास्ती वाढे, लपवणूक वाढे, आणि इस्पितळातील मृत्यूही वाढत. एकमेकांना पोसणारे हे चक्र होते.

त्या चक्रातून ज्या अफवा उठल्या त्या आज वाचताना प्रथम हसू येते. इस्पितळात हिंदी माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून तेल काढतात, त्याची 'मोमियाई' करतात. रोग्यांची काळजे काढून विलायतेला राणीकडे पाठवतात. कारण त्याच ऑक्टोबरात मुंबईतील राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते आणि त्या अपमानाचा ती सूड घेत होती. नंतर उघड झाले त्याप्रमाणे ते डांबर पुण्याच्या चापेकर बंधूंनी फासले होते. तेलाची आणि काळजांची कथा निखालस खोटी होती. पण ती कथा रचणारे काय बोलत होते, हे ऐकावे लागते. त्या काळचे बहुतेक इंग्रज अधिकारी अफवेकडे अडाणीपणाचा पुरावा म्हणून पाहत. मला वाटते, ज्यांना कोणी काही सांगत नाही आणि ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांची ती तक्रार होती. आमची शरीरे तुम्ही आमच्या संमतीवाचून नेता, आत काय करता ते सांगत नाही, आणि आमची किंमत तुमच्या राणीच्या पुतळ्याहून कमी धरता : एवढे तीत होते, आणि एवढे खरे होते.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मोडतोड झाली, रुग्णांना सोडवून नेण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर सक्ती सैल करण्यात आली. ज्यांच्या घरी रोगी वेगळा ठेवण्याची सोय आहे त्यांना ती मुभा मिळाली. अर्थात एका खोलीत दहा माणसे राहणाऱ्या कामगाराला त्या सवलतीचा उपयोग शून्य. या माघारीमागे एक कारण होते, ते स्वतः स्नो यांच्याच लिखाणातून समजते आणि ते मला या इतिहासातील सर्वांत बोलके वाटते. त्यांना सर्वांत मोठी चिंता होती ती हलालखोरांची, म्हणजे शहराचा मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांची. सक्तीला घाबरून हे लोक शहर सोडून गेले तर मुंबईत राहणे अशक्य होईल, हा हिशेब त्या कचेरीत झाला होता. इतर साऱ्यांच्या अर्जविनंत्यांहून त्यांचे निघून जाण्याचे भय अधिक परिणामकारक ठरले. ज्यांना शहर शिवत नव्हते त्यांच्यावाचून शहराचा एक दिवस चालणार नव्हता, हे प्लेगने एकदा कागदावर लिहून घेतले.

हलालखोर राहिले, इतरांनी शहर सोडले. ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाख वस्तीपैकी जवळजवळ तीन लाख ऐंशी हजार माणसे मुंबईबाहेर पडली. आगगाडीने, बोटीने, पायी. गिरण्यांचे साचे थांबले, बाजार ओस पडले. ही पळापळ म्हणजे भेकडपणा, असे त्या काळी लिहिले गेले. परंतु येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. मुंबईच्या आरोग्यखात्याचा सारा रोख तेव्हा घाण आणि दूषित हवा यांवर होता. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक अ‍ॅसिड यांचे लोट सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, कौले उतरवून घरांत ऊन घेतले गेले, कपडेलत्ते व बिछाने जाळले गेले. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. गटारे धुतल्याने त्यांतले उंदीर घराघरांत शिरले असावेत, असे पुढील अभ्यासकांनी दाखवले. पिसवांवाटे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने सिद्ध केले. तेही मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

माझी आजी अक्षरशत्रू होती. लहानपणीच्या प्लेगाच्या गोष्टी ती सांगे तेव्हा एक वाक्य हमखास येई : "उंदीर पडले की गाव सोडायचे." मग सारी वाडी शेतावर, माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राही, घरे उघडी टाकून. पाऊस पडला तरी कोणी घरात पाऊल टाकीत नसे. प्लेगाची पाळी फिरून फिरून आली तसे गावोगावच्या माणसांनी हे शहाणपण आपल्या डोळ्यांनी मिळवले होते. ज्यांना साहेब अडाणी म्हणत त्यांची पळण्याची वृत्ती त्या एका बाबतीत साहेबाच्या कार्बोलिकपेक्षा उजवी होती. रोग्याला सोबत घेऊन पळणारे रोगही पसरवीत, हेही तितकेच खरे. ते झाकण्यात अर्थ नाही.

१८९७ च्या आरंभापासून सरकारचा हात पुन्हा जड झाला. त्याचे कारण मुंबईत नव्हते, युरोपात होते. तेथील राष्ट्रे व्हेनिसला परिषद भरवून हिंदुस्थानच्या जहाजांविरुद्ध उपाय ठरवीत होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा घाईघाईने मंजूर झाला. त्याने सरकारला झडती घेणे, माणसे अडवणे, घरे रिकामी करणे असे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली. घराघरांची झडती, रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी, प्रेताची तपासणी झाल्याखेरीज अंत्यविधी नाही, असे तिचे काम. गाठ जांघेत उठते. तेव्हा तपासणीचा अर्थ स्त्रियांच्या बाबतीत काय होत होता, हे वेगळे सांगायला नको. त्यातल्या त्यात गॅटेकर यांनी एक शहाणपण केले. निरनिराळ्या समाजांच्या प्रमुखांना बोलावून घेतले आणि ज्याच्या त्याच्या समाजाला आपापले प्लेगचे इस्पितळ काढू दिले. तेथे नातेवाइकाला रोग्याजवळ बसता येई, पाणी आपल्या माणसाच्या हातचे मिळे. अशी इस्पितळे भराभर निघाली. रोग तोच, औषधही जवळजवळ नव्हतेच. पण लोक आपण होऊन रोगी आणू लागले.

पुण्यात हे शहाणपण दिसले नाही. तेथे रँड यांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासली. स्वयंपाकघर, देवघर, माजघर काही सुटले नाही. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्यांनी झाला, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. रँड व आयर्स्ट मारले गेले, दामोदर चापेकर फाशी गेले, 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. त्याच टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ चालवण्यात पुढाकार घेतला होता, हे तितकेसे सांगितले जात नाही.

पंडिता रमाबाईंची बाजूही सांगितली जात नाही. त्या ख्रिस्ती, सरकार त्यांच्या धर्माचे. तरी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिले. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून शिपायांच्या अत्याचारांचे आरोप तेथील वृत्तपत्रात केले. मुंबईत परतल्यावर त्यांना पुराव्यादाखल कोणी पुढे येऊन बोलेना. सरकारकडून छळ होईल याची भीती, आणि घरच्या स्त्रीचे नाव चव्हाट्यावर येईल याचीही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्यापायी स्वकीयांचे बोल सोसले. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, हा त्यांचा न्याय मला मान्य आहे. पण सिद्ध न झालेले ते सारे घडलेच नाही, असा निष्कर्ष मी काढू धजणार नाही. इतकी वर्षे पापनिवेदनाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, लोक कशाबद्दल गप्प राहतात याची थोडी कल्पना असते.

आणि त्याच मार्चच्या आरंभी, शिपाई पुण्याच्या पेठांत शिरण्यापूर्वी काही दिवस, सावित्रीबाई फुले मरण पावल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि स्वतःला प्लेग लागून १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट होते. मूल घरातून इस्पितळातच नेले जात होते. ऑर्थर रोडला नेत तसेच. त्या मुलाच्या आईबापांनी दगड उचलला नाही.

आता आपल्या समाजाकडे वळतो. साष्टी-मुंबईतील आपली माणसे इंग्रजी शिकलेली, कचेऱ्यांत नि रेल्वेत नोकरीला. साहेबांचा आणि त्यांचा देव एकच. तेव्हा आपण या भयापासून व अफवांपासून अलिप्त होतो, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. नोंदवहीतील 'संस्कारांविना' हा शेरा मला तसे मानू देत नाही. इस्पितळात मेलेल्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. परंतु तो शेरा घरी मेलेल्यांच्या नावापुढेही आहे. त्या काळी मरणासन्न माणसाला कम्युनियन देण्यासाठी धर्मगुरू निघे तेव्हा पुढे घंटा वाजत जाई आणि वाटेतील माणसे गुडघे टेकीत. घंटा कोणाच्या दारी थांबली, हे साऱ्या पाखाडीला कळे. आणि पाखाडीला कळले की अधिकाऱ्यालाही कळे. म्हणून, मला वाटते, घरच्यांनी धर्मगुरूला बोलावलेच नाही. संस्कारांवाचून मरणे ही त्या पिढीच्या कॅथलिकाला केवढी भयंकर गोष्ट होती, हे आज समजावून सांगणे कठीण आहे. तरी त्यांनी ती पत्करली. गाडी दारात येण्याचे भय नरकाच्या भयाहून मोठे ठरले.

गल्लीतल्या क्रुसांचा अर्थ मला येथे लागतो. चर्चमध्ये गर्दी नको, दूर जायला नको. म्हणून पाखाडीने आपल्या तोंडाशी क्रूस उभारला आणि संध्याकाळी सारे तेथे जमू लागले, असे जुनी माणसे सांगत. संत सेबॅस्टियन आणि संत रॉक यांचा धावा होई. युरोपातही प्लेगमध्ये याच दोघांना हाक मारत. या क्रुसांनी रोग हटला असे मी म्हणणार नाही. रोग पुढे वीस-पंचवीस वर्षे देशभर फिरत राहिला आणि सुमारे एक कोटी माणसे घेऊन गेला. पण जेथे शेजाऱ्याचे दार बंद दिसले की संशय घेतला जात होता, तेथे रोज सायंकाळी सर्वांनी एकमेकांना उभे पाहावे, एवढी एक जागा या क्रुसांनी निर्माण केली.

वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या लशीविषयीही प्रवाद उठलेच, पण डॉ. व्हिएगस यांच्यासारखी ओळखीची माणसे टोचायला बसली तेथे लोक बाही वर करून पुढे आले. सक्तीचा अध्याय मात्र आणखी वर्षभर चालला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत, आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्ती सोडली.

१८९७ चा तो कायदा मात्र राहिला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतला प्लेगचे नाव निघाले तेव्हा लाखो माणसांनी ते शहर सोडले, काही डॉक्टरही पळाले, आणि मुंबईच्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसे झाले. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. ऑर्थर रोडचे ते इस्पितळ आता कस्तुरबा इस्पितळ म्हणून ओळखले जाते. मुंबईतील पहिले संशयित रुग्ण तेथेच ठेवले गेले. १४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर गावी जाण्यासाठी जमले, ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहताना मला मांडवीचे लोक आठवत होते. चेन्नईत एका डॉक्टराचे दफन जमावाने दगड मारून अडवले, ही बातमीही त्याच आठवड्यातली.

ती बातमी वाचून मी रविवारी, रिकाम्या चर्चमध्ये, कॅमेऱ्यासमोर कठोर शब्दांत प्रवचन केले. त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या धर्मग्रामात भाड्याच्या खोलीत राहणारा, परप्रांतातून आलेला एक कॅथलिक तरुण एका इस्पितळात वारला. त्याला संस्कार देण्यासाठी मी गेलो होतो; दारावरूनच परत पाठवण्यात आले आणि मी परतलो. वाद घातला नाही. मलाही आत जायची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मग्रामातील चार प्रतिष्ठित माणसे तोंडाला फडकी बांधून माझ्या अंगणात उभी राहिली. "फादर, तो आपल्यातला नव्हे. सिमेतरीच्या भिंतीला लागून आमची घरे आहेत." ती वाईट माणसे नव्हेत, त्यांतल्या दोघांनी त्या महिन्यात शंभर घरांना धान्य पोचवले होते. मी संध्याकाळपर्यंत विचार करतो, असे सांगितले. ज्या माणसाने कॅमेऱ्यासमोर ते प्रवचन केले होते, त्याला विचार करायला संध्याकाळपर्यंतचा वेळ हवा होता.

दुपारी कबर खणणारा आला. तो कधी माझ्याशी फारसे बोलत नाही. आदल्या दिवशीच त्याने कबर खणून ठेवली होती. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मयत आहे हे त्याच्या कानावर गेले म्हणून. "माती ओली आहे तोवर उरकू या, फादर," एवढे बोलून तो निघून गेला. मग मी त्या चौघांना दूरध्वनी केला. त्यांच्यापैकी एक जण दफनाला आला आणि भिंतीपलीकडून, आपल्याच घराच्या गच्चीवरून, त्याने आमच्याबरोबर प्रार्थना म्हटली.

रात्री मी नोंदवही काढली. हल्ली आमच्या नोंदी इंग्रजीत असतात. रकाने मात्र तेच आहेत. नाव, वय, आईबापांची नावे लिहिली. आईचे नाव ठाऊक नव्हते; ते त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडून दूरध्वनीवर विचारून घेतले. शेवटच्या रकान्यात 'संस्कारांविना' असे लिहिले आणि खाली सही केली.